झिखरोन याकोवची सारा

झिखरोन याकोवला सहल गेली की आपली मंडळी आधी वाईनच्या तळघरात शिरतात, मग मुख्य रस्त्यावर कॉफी पितात, आणि बस सुटायची वेळ झाली की कुणाला तरी आठवतं की अहो, ते आरोनसोन कुटुंबाचं घर बघायचं राहूनच गेलं. माझंही दोनदा तसंच झालं. तिसऱ्या खेपेला मी वाईनचा नाद सोडला आणि बसमधून उतरल्याबरोबर आधी ते घर गाठलं. बरं झालं गेले. त्या घरातल्या मुलीचं नाव आपल्या सगळ्यांच्या कानावर असतं, नातवंडांना शाळेत तिचा धडाही असतो. पण तिने नेमकं काय केलं असं विचारलं तर आपण गप्प बसतो. हेर होती, तुर्कांनी छळ केला, स्वतःला गोळी मारून घेतली, इथपर्यंतच आपली मजल. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

साराचे आईवडील रुमानियाचे. 1882 साली रुमानियातून आलेल्या यहुद्यांनी कार्मेलच्या दक्षिण टोकाला ही वसाहत वसवली, त्यांत एफ्राईम फिशेल आरोनसोन आणि त्यांची बायको मलका हे होते. थोरला मुलगा आरोन तेव्हा सहा वर्षांचा. दगडधोंड्यांची जमीन, मलेरिया, पैसा नाही. पुढे बॅरन रोथशिल्डने हात दिला म्हणून गाव टिकलं, आणि त्याच्याच वडिलांचं नाव गावाला मिळालं. सारा मात्र याच मातीत जन्मली, 5 जानेवारी 1890 रोजी. हिब्रू बोलत वाढलेली ही पहिली पिढी. घोड्यावर बसायची, बंदूक चालवायची, आणि हिब्रूखेरीज यिद्दिश, फ्रेंच, तुर्की येत होत्या. त्या काळी आपल्याकडे कोकणात मुलींना घराबाहेर पाठवायला मागेपुढे पाहात, तेव्हा ही मुलगी भावाबरोबर डोंगर पालथे घालत होती.

भाऊ आरोन हा मोठा शास्त्रज्ञ झाला. शेतीचं शास्त्र शिकून आला, आणि 1906 साली रोश पिनाजवळ खडकाच्या फटीत त्याला रानटी गहू सापडला. आज आपण खातो त्या गव्हाचा पूर्वज कुठे असेल हे जगभरचे लोक शोधत होते. तो या देशात उगवलेला मिळाला. त्यामुळे त्याचं नाव युरोप-अमेरिकेत पोचलं. अमेरिकेतल्या श्रीमंत यहुद्यांनी पैसे दिले आणि अतलीतला, समुद्राच्या अगदी काठाशी, शेतीचं प्रयोगकेंद्र उभं राहिलं. हे केंद्र लक्षात ठेवा. पुढची सगळी कथा तिथेच घडते.

या केंद्रात आवशालोम फाइनबर्ग नावाचा तरुण आरोनचा मदतनीस म्हणून काम करी. गेदेराचा मुलगा, कविता करणारा, तापट, देखणा. साराचा त्याच्यावर जीव होता असं सगळेच लिहितात. पण साखरपुडा झाला तो धाकट्या बहिणीशी, रिव्काशी. 1914 च्या मार्चमध्ये साराने कॉन्स्टँटिनोपलच्या एका व्यापाऱ्याशी, हाईम अब्राहामशी, लग्न केलं. वयाने मोठा, पैसेवाला, पण तिचं मन तिथे रमलं नाही. थोरली आधी उजवावी म्हणून हे घडलं की आणखी काही, देव जाणे. आपल्याकडेही अशी लग्नं काही कमी झालेली नाहीत.

मग महायुद्ध पेटलं आणि तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने लढाईत उतरलं. हा देश तेव्हा तुर्कांच्या ताब्यात होता. सैन्यासाठी जनावरं, धान्य, गाड्या उचलून नेल्या जाऊ लागल्या. 1915 साली वर आणखी टोळधाड आली, आकाश काळं करणारी. जमाल पाशा इथला सर्वाधिकारी होता, त्याने टोळांचा बंदोबस्त करायला आरोनलाच नेमलं. झालं! आरोनच्या माणसांना कुठेही फिरायची मुभा मिळाली. टोळ मोजता मोजता ते छावण्या, तोफा, रस्ते, विहिरी मोजू लागले. तुर्कांचं राज्य गेल्याशिवाय इथल्या यहुद्यांना भवितव्य नाही आणि ते घालवू शकतील तर इंग्रजच, असं आरोन आणि आवशालोम दोघांचं मत बनलेलं होतं.

सारा तेव्हा नवऱ्याच्या घरी होती. 1915 च्या नोव्हेंबरात तिने ते घर सोडलं आणि आगगाडीने माहेरी निघाली. अनातोलियातून तो प्रवास कित्येक आठवड्यांचा. वाटेत तिने आर्मेनियन लोकांचं काय चाललंय ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं. मुडद्यांचे ढीग, तहानेने मरणारी लेकरं, हाकलून नेलेले जथे. घरी पोचली तेव्हा ती पूर्वीची सारा राहिली नव्हती. नंतर कितीतरी दिवस कुणी आर्मेनियन हा शब्द काढला तरी तिला सोसवत नसे. मला वाटतं, ती हेर झाली ती या आगगाडीत. आज त्यांची पाळी आली, उद्या आपली येईल, हे तिला कुणी पुस्तकातून सांगावं लागलं नाही.

आता हेरगिरी म्हटली की आपल्याला सिनेमा आठवतो. खोटी दाढी, खिशात पिस्तूल, सुंदर बाई आणि भोळा सेनापती. नीलीचं काम यातलं काही नव्हतं. नीली हे या टोळीचं नाव, शमुएलच्या पहिल्या पुस्तकातल्या एका वचनाच्या चार हिब्रू शब्दांच्या आद्याक्षरांवरून घेतलेलं. इस्राएलचा शाश्वत देव खोटं बोलत नाही अशा अर्थाचं ते वचन आहे. पुष्कळसं काम मोजण्याचं होतं, एखाद्या कारकुनासारखं. अफुलाला रेल्वेचे फाटे एकत्र येत, तिथून गाड्या दक्षिणेला बेर शेवाकडे जात. तिथे एक डॉक्टर होता, तो रोज किती गाड्या गेल्या, त्यांत किती माणसं, काय सामान, हे टिपून ठेवी. दुसरा कुणी धान्याच्या वखारी बघे. कुणी पलटणींची नावं, कुणी दलदलीचे मलेरियाचे इलाखे. एकेका कागदाला किंमत शून्य. पण असे शंभर कागद एका टेबलावर आले की शत्रूची फौज कुठे सरकते आहे, तिला भाकरी किती दिवस पुरेल आणि तिच्यातले किती जण तापाने आडवे आहेत हे कळतं. लढाईत तलवारीपेक्षा अशा यादीनेच जास्त माणसं मारली आणि वाचवलीही आहेत. टोळीतली मुख्य माणसं चाळीसच्या आसपास होती, बहुतेक एकमेकांचे भाऊ, मेहुणे, चुलतभाऊ. तीच त्यांची ताकद आणि तेच त्यांचं दुखणं.

खरी अडचण पुढची. माहिती गोळा झाली, पण ती इंग्रजांना इजिप्तमध्ये पोचवायची कशी? तार नाही, टपाल नाही, मध्ये सिनाईचं वाळवंट आणि दोन सैन्यांच्या फळ्या. आरोनचा धाकटा भाऊ अलेक्झांडर 1915 मध्ये कैरोला जाऊन पाहिला, इंग्रजांना तो तुर्कांचाच हेर वाटला आणि त्यांनी त्याला परत लावलं. मग आवशालोम गेला आणि त्याचं बोलणं जमलं. पण बोट येईना, ठरलेल्या खुणा दिसेनात, महिने निघून गेले. शेवटी 1916 मध्ये आरोन स्वतः युरोपकडे निघाला. बर्लिन, कोपनहेगन करत तो अमेरिकेच्या बोटीत चढला, आणि वाटेत इंग्रजांनी त्याला अटक केली. अटक खोटी होती, तुर्कांना संशय येऊ नये म्हणून आधीच ठरवलेली. तिथून लंडन आणि वर्षाच्या अखेरीला कैरो.

इकडे अतलीतला यातलं काहीच ठाऊक नाही. आरोन जिवंत आहे की नाही, इंग्रज तयार झाले की नाही, कुणाला पत्ता नाही. आवशालोमला धीर धरवेना. 1917 च्या जानेवारीत तो योसेफ लिशान्स्कीला घेऊन पायी वाळवंटातून निघाला. रफाहजवळ बेदुइनांशी चकमक झाली, आवशालोम मेला. लिशान्स्की जखमी होऊन कसाबसा इंग्रजांपर्यंत पोचला आणि पाहतो तर काय, आरोन कैरोतच होता! थोडे दिवस थांबला असता तर, असं मनात येतं. पण थांबणाऱ्याला काय माहीत, किती थांबायचं ते?

आवशालोम गेल्याची बातमी टोळीबाहेर फुटू दिली नाही. तो शिकायला परदेशी गेलाय असं सांगण्यात आलं. साराला खरं माहीत होतं. ते पोटात ठेवून तिने अतलीतचं सगळं काम हाती घेतलं. फेब्रुवारीपासून मोनेगाम नावाची इंग्रजांची छोटी बोट काळोख्या रात्री किनाऱ्याशी येऊ लागली. पोहणारा माणूस पाकीट घेऊन येई, पाकीट घेऊन जाई. आलेले कागद नीट लावायचे, सांकेतिक लिपीत उतरवायचे, माणसांना पैसे द्यायचे, घाबरलेल्याला धीर द्यायचा, बडबड्याला दटावायचं, हे सारं सत्तावीस वर्षांची ही बाई करत होती. लिशान्स्कीला बरोबर घेऊन घोडागाडीतून ती गावोगाव हिंडे. गावात त्यावरून कुजबुज सुरू झालीच. नवरा सोडून आलेली बाई परक्या पुरुषाबरोबर फिरते, एवढं लोकांना पुरे होतं. कशासाठी फिरते हे तिला सांगता येत नव्हतं.

त्या वर्षी वल्हांडणाच्या सुमारास तुर्कांनी याफो आणि तेल अवीवचे यहुदी घराबाहेर काढले. ही बातमी जगाला कळली ती नीलीमुळे. बोटीने कैरोला गेली, आरोनने ती सगळीकडे पोचवली आणि बोंब झाली. मग परदेशातल्या यहुद्यांनी जमवलेल्या पैशांची सोन्याची नाणी याच बोटीने किनाऱ्याला येऊ लागली आणि उपाशी लोकांपर्यंत गेली. हेरांचा तिरस्कार करणाऱ्या पुढाऱ्यांनीही ते सोनं घेतलं. घेणं भाग होतं, त्यांना मी नावं ठेवत नाही.

तिरस्कार म्हणाले, तो का ते सांगायला हवं. तेव्हाच्या यहुदी वसाहतींतले बहुतेक लोक नीलीच्या विरुद्ध होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: हे मूठभर लोक पकडले गेले तर शिक्षा आम्हा सगळ्यांना होईल, आर्मेनियनांचं झालं ते आमचं होईल. आम्हाला विचारलं होतं का? आज आपण साराला वीरांगना म्हणतो, पण मी त्या गावात तीन पोरांची आई असते तर मीही कदाचित तिच्या दारावर जाऊन भांडले असते. आर्मेनियनांचं मरण दोन्ही बाजूंच्या डोळ्यांपुढे होतं. एकाने त्यातून गप्प राहायचं शिकलं, सारा त्यातून उठली.

एप्रिलमध्ये सारा बोटीने इजिप्तला गेली. आरोनने तिला तिथेच राहा म्हणून परोपरीने सांगितलं. तिथे भाऊ होता, सुरक्षितपणा होता. जूनमध्ये ती परतली. आपण सुखरूप राहून इथल्या माणसांना वाऱ्यावर सोडणं तिला पटण्यासारखं नव्हतं.

उन्हाळा संपता संपता बोटीचं येणं अवघड झालं, आणि इंग्रजांनी निरोपासाठी कबुतरं दिली. सप्टेंबरच्या सुरुवातीला साराने सोडलेलं एक कबुतर इजिप्तऐवजी कैसारियाच्या तुर्की अंमलदाराच्या कबुतरांत जाऊन दाणे टिपायला बसलं. पायाला चिठ्ठी. लिपी सांकेतिक होती, पण हेर आहेत आणि ते याच किनाऱ्यावर आहेत एवढं कळायला लिपी कुठे यावी लागते? एवढ्या मोठ्या कारभाराचं असं व्हावं! त्याच सुमाराला आवशालोमचा भाऊबंद नामान बेलकिंद, आवशालोमचं खरं काय झालं ते शोधायला, वाळवंटातून इजिप्तकडे निघाला होता. बेदुइनांनी त्याला पकडून तुर्कांच्या हवाली केलं. जे मरण टोळीने लपवून ठेवलं होतं त्याच्याच शोधात तो सापडला, आणि मग छळापुढे त्याचं तोंड उघडलं.

पळून जाण्याचा सल्ला साराला मिळाला होता. ती गेली नाही. आपण नाहीसे झालो तर तुर्क सगळ्या गावावर सूड घेतील, हा तिचा हिशेब होता.

1 ऑक्टोबर 1917, सुक्कोथचा पहिला दिवस. अंगणात सुक्का उभारलेले असताना तुर्की सैनिकांनी झिखरोनला वेढा घातला. लिशान्स्की निसटला. म्हातारे एफ्राईम आरोनसोन, भाऊ झ्वी आणि सारा धरले गेले. वडिलांना तिच्या देखत मारलं. मग तिला. तळपायांवर फटके आणि त्याहून वाईट प्रकार, चार दिवस. त्याचं वर्णन मी इथे करत नाही, ज्यांना हवं त्यांना पुस्तकांत मिळेल. तिने एकही नाव सांगितलं नाही. जे केलं ते मी एकटीने केलं, हाच तिचा शेवटपर्यंत जबाब.

5 ऑक्टोबर, शुक्रवार. तिला पुढच्या चौकशीसाठी दुसऱ्या गावी हलवायचं ठरलं. एवढे दिवस टिकले, पुढेही टिकेन अशी खात्री कुणालाच देता येत नसते, आणि ते तिला ठाऊक असावं. रक्ताने भरलेले कपडे बदलायला घरी जाऊ द्या अशी तिने विनंती केली. सैनिकांच्या पहाऱ्यात ती गावाच्या रस्त्यावरून चालत घरी आली. न्हाणीघरात गेली, एक चिठ्ठी लिहिली, आणि तिथे लपवून ठेवलेलं पिस्तूल काढून तोंडात गोळी झाडली. पण मरण लगेच आलं नाही. गोळी मणक्यापाशी अडकली, अंग लुळं पडलं. डॉक्टर हिल्लेल याफे तिच्या उशाशी होते. मला वाचवू नका अशी ती त्यांना विनवत होती. सिमहाथ तोरा उलटून दुसऱ्या दिवशी, 9 ऑक्टोबरला, सारा गेली.

लिशान्स्की काही दिवस लपत राहिला. आपल्याच लोकांनी त्याला थारा नाकारला, एका टोळीने त्याच्यावर गोळीही झाडली. शेवटी तो पकडला गेला. त्याला आणि नामान बेलकिंदला 16 डिसेंबर 1917 रोजी दमास्कसला फाशी दिलं. आरोन तेव्हा दूर परदेशी होता, बहीण गेल्याचं त्याला कित्येक आठवड्यांनी कळलं. तोही फार जगला नाही. 1919 च्या मे महिन्यात इंग्लिश खाडीवर त्याचं विमान कोसळलं.

एवढ्याचा उपयोग काय झाला, असं कुणीही विचारेल. गाझासमोर इंग्रजांनी त्या वर्षी मार्च आणि एप्रिल अशी दोनदा हार खाल्ली होती. सेनापती अलनबीने मग समोरून धडक मारायचं सोडून बेर शेवाकडून वळसा घ्यायचं ठरवलं. यात मोठा धोका पाण्याचा. घोडे आणि माणसं, विहिरी हाती लागल्या नाहीत तर वाळवंटात मरणार. कुठे पाणी आहे, कुठली वाट कशी आहे, तुर्कांकडे किती बळ आहे हे आधी कळलेलं असणं म्हणजे सर्व काही होतं, आणि आरोन तर या देशाची माती चाखून ओळखणारा. 31 ऑक्टोबरला बेर शेवा पडलं, साराच्या मरणानंतर बावीस दिवसांनी. डिसेंबरात अलनबी यरुशलेममध्ये शिरला. एकट्या नीलीमुळे लढाई जिंकली असं मी म्हणणार नाही. इंग्रजांचे दुसरेही डोळे होते, विमानं होती, तारा चोरून ऐकणारे होते. पण अतलीतहून जे जात होतं ते शत्रूच्या पोटात राहणाऱ्याचं होतं. विमानातून तंबू दिसतात, तंबूत किती आजारी आहेत ते दिसत नाही.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. 23 सप्टेंबर 1918 रोजी हैफा घेतलं ते जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडेस्वारांनी, भाले घेऊन. आपल्या हिंदुस्थानच्या त्या शिपायांची आठवण हैफात दर वर्षी केली जाते, आपल्यापैकी काही जण तिथे जातातही. सारा आणखी अकरा-बारा महिने जगली असती तर तो दिवस तिने पाहिला असता.

मेल्यावरही प्रश्न सुटला नाही. आत्महत्या करणाऱ्याला इतरांच्या ओळीत पुरायचं नाही हा आपला नियम. पण तिला आईशेजारून दूर ठेवणंही कुणाच्या जिवावर येईना. मग तोड निघाली, तिच्या कबरीभोवती लहानसं कुंपण घातलं. दफनभूमीत आहे आणि वेगळीही आहे. आवशालोमची हाडं पन्नास वर्षं बेपत्ता होती. 1967 च्या लढाईनंतर रफाहजवळ ती सापडली, त्यांच्यावर एक खजुराचं झाड उगवलेलं होतं. त्याच्या खिशातल्या खजुराच्या बीचं ते झाड, असं म्हणतात. त्याला हर हर्झलवर मानाने पुरलं. लिशान्स्कीला तिथे जागा मिळायला 1979 साल उजाडलं.

रिव्का, धाकटी बहीण, लढाईच्या काळात अमेरिकेत होती. परत आली तेव्हा बहीणही नाही आणि ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तोही नाही. तिने लग्न केलं नाही. त्याच घरात म्हातारी झाली आणि तिथल्या वस्तू होत्या तशा जपल्या. तिकीट काढून आत गेलात तर टेबलं, पुस्तकं, आरोनची वाळवलेली झाडंझुडपं सगळं पाहायला मिळतं. न्हाणीघरापाशी आमची वाटाड्या मुलगी बोलायची थांबली आणि बाजूला उभी राहिली. बायका एकेक करून आत डोकावत होत्या. बाहेर बसवाल्याने दोनदा हॉर्न दिला, पण त्या दिवशी कुणीच घाई केली नाही.